रिमचा रंग दोन महिन्यांत का निघतो?

प्रश्न : माझ्याकडे जुनी हॅचबॅक आहे, स्टीलच्या रिम. 2019 च्या महापुरात गाडी दोन दिवस पाण्यात होती तेव्हापासून रिमना गंज धरतोय. गेल्या जुलैत दुकानातून काळा स्प्रे आणला आणि घरीच मारला, पण दिवाळीआधीच सालपटं निघायला लागली. रंग हलका होता का? आता परत मारायचाय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : रंगाला दोष देऊ नका. दोन गोष्टी चुकल्यात, एक म्हणजे जुलै आणि दुसरी म्हणजे खालची तयारी. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, आणि रिमच्या जोडात अडकलेलं पाणी आतून परत गंज आणतं, वरून कितीही चकचकीत दिसू दे. पाऊस पूर्ण थांबल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर सकाळी सावलीत करा, कारण आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात फवारा रिमवर पोचेपर्यंतच अर्धा वाळतो आणि हात फिरवला की खरखरीत लागतो.

आता तयारी. खरं काम हेच आहे, रंग मारणं तासाभराचं. रिम भांड्याच्या साबणाने घासून धुवा, ब्रेकची काळी पूड आणि ग्रीस पूर्ण गेलं पाहिजे. मग तारेचा ब्रश आणि 80 नंबरचा सँडपेपर घेऊन गंज चांगल्या पत्र्यापर्यंत काढा, आणि जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे 320 च्या वॉटर पेपरने फक्त चमक घालवा, सगळा खरवडायची गरज नाही. जुना रंग आणि पत्रा यांच्यामधली पायरी नखाला लागली नाही पाहिजे, लागत असेल तर अजून घासा, कारण सालपट सुटायला सुरुवात तिथूनच होते. पूर्ण वाळलं की थिनर लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि त्यानंतर उघडा हात लावू नका, बोटाचं तेल पुरतं.

रिमवरून टायर काढायची गरज नाही. थोडी हवा सोडा आणि जुन्या लग्नपत्रिका पट्ट्या कापून टायर आणि रिमच्या कडेमध्ये गोल खोचत जा, जाड कागद असल्याने त्या छान उभ्या राहतात आणि टायरवर थेंबही जात नाही. व्हॉल्व्हला टेप. रिमच्या कडेला लावलेली बॅलन्सिंगची वजनं हलवू नका.

आणि हे नीट वाचा. नट जिथे बसतो ती तिरकी जागा आणि रिमची मागची बाजू, जी हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, टेकते, तिथे रंग अजिबात नको, दोन्ही ठिकाणी टेप लावा. रंगाचा थर दबला की नट सैल पडतो. मी स्वतः एकदा टेप न लावता मारला होता, मिरज रस्त्याला स्टिअरिंग थरथरायला लागलं म्हणून उतरून बघितलं तर दोन नट हाताने फिरत होते. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला हेच आधी सांगतो.

मारताना कॅन आतली गोळी वाजायला लागल्यावरही दोन मिनिटं हलवा. अंतर एक वीत. सुरुवात रिमच्या बाहेरून, शेवटही बाहेर, हात मध्ये थांबला की ओघळ आलाच. उघड्या पत्र्याला आधी प्राइमर, मग रंगाचे तीन पातळ हात, पहिला एवढा विरळ की खालचं दिसतंय, मधे दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, आणि शेवटी क्लिअर लॅकर. प्राइमर, रंग, लॅकर शक्यतो एकाच कंपनीचं घ्या, नाहीतर कधी कधी वरचा थर खालच्याला उचलतो आणि सुरकुत्या पडतात. मास्क लावा आणि उघड्यावरच करा.

स्टेपनीपासून सुरू करा. हात बसतो, आणि ती वाळली की पहिल्या चाकाच्या जागी लावून पुढचं काढता येतं, गाडी जॅकवर अडकून राहत नाही. गाडीखाली टेकू म्हणून वीटबीट अजिबात लावू नका, स्टँडच लावा. चोवीस तास वाळू द्या, हवा भरा, नट समोरासमोरचे कसा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बघा. आठवडाभर प्रेशर वॉशरला नेऊ नका.

प्रश्न : अलॉय रिमला खड्ड्यात आपटून बारीक चीर गेलीय. घासून रंग मारला तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. खरचटलं असेल तर खुशाल मारा, पण चिरेवर रंग म्हणजे चीर झाकणं, आणि मग ती वाढली तरी दिसणार नाही. खंबाटकी घाट उतरताना ब्रेक दाबला की त्या रिमवर केवढा भार येतो ते विचारात घ्या. आजच काढून स्टेपनी लावा आणि रिम बदला.