आज आवतन घ्या, उद्या जेवाले या

प्रिय चिऊ,

मागच्या शनिवारी आपण मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये सुताची यंत्रं बघितली. तिथल्या बाईंनी एकच यंत्र मिनिटभर सुरू केलं आणि तू दोन्ही कानांवर हात ठेवलेस. परत येताना बसमध्ये म्हणालीस, "आबा अशा यंत्रांवर काम करायचे ना? मग आपल्या देवघरात लाकडी बैल का आहे? आपण तर शेतकरी नव्हतोच." मी म्हणालो, "पोळा असतो ना, म्हणून." तू खिडकीबाहेर बघायला लागलीस. ते उत्तर नव्हतंच, हे मलाही कळलं. आज पोळ्याच्या आदली रात्र आहे, आईला हॉस्पिटलात रातपाळी आहे आणि तू झोपली आहेस. म्हणून लिहायला बसलोय. सावकाश वाच, जोडाक्षर अडलं तर विचार.

नागपूर म्हटलं की तुला संत्री आठवतात, कारण तिकडून येणारा प्रत्येक पाहुणा आपल्यासाठी संत्र्याची बर्फी आणतो. माझ्या लहानपणीचं नागपूर भोंग्याचं होतं. आम्ही गणेशपेठेत राहायचो. दोन खोल्या, पुढे पडवी, जुम्मा तलाव चालत पाच मिनिटांवर आणि पलीकडे एम्प्रेस मिलचं धुराडं. आमच्याकडे भिंतीवरचं घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. पहिल्या भोंग्याला माझी आजी, म्हणजे आबांची आई, चूल पेटवायची, दुसऱ्या भोंग्याला आबा डबा घेऊन दाराबाहेर. पाळी सुटायचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्याने वाहायला लागायचा आणि आम्ही पोरं पडवीत उभं राहून आपापला बाप ओळखायचो. मी आबांना भुवयांवरून ओळखायचो. त्यांच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा.

या गिरणीची गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण तिचा एक धागा तू राहतेस त्या गावापर्यंत येतो. जमशेदजी टाटांनी ती उभारली. त्या काळी कापडगिरणी काढायची तर मुंबईतच, असा रिवाज होता. जमशेदजी लँकेशायरला येऊन इथल्या गिरण्या बघून गेले आणि त्यांनी नागपूर निवडलं. कापूस आमच्या वऱ्हाडात पिकतो, कोळसा जवळच वरोऱ्याला निघायचा आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होती. कापूस मुंबईला न्यायचा आणि तिथे त्याचं कापड करायचं, त्यापेक्षा कापसाच्या दारातच गिरणी का नको? स्टेशनजवळची दलदलीची जमीन त्यांनी घेतली आणि ती भराव घालून वर आणली. त्यांच्या चरित्रांत एका सावकाराची गोष्ट येते. जो माणूस जमिनीत सोनं पुरतोय त्याला मी पैसे देणार नाही, असं म्हणून त्याने कर्ज नाकारलं. पुढे त्यानेच कबूल केलं की टाटांनी माती पुरली आणि सोनं काढलं. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी दिल्लीत इंग्लंडच्या राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. कामगारांसाठी १८८६ मध्येच पेन्शन फंड काढणारी गिरणी होती ती. नागपुरातल्या इंदोऱ्याला बेझनबाग नावाची वस्ती आहे, तिथे तुझी आत्या राहते. ते नाव गिरणीचे पहिले व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यावरून पडलं.

आबा रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, होते. तू बघितलंस तसं एक यंत्र नाही, रांगाच्या रांगा, आणि प्रत्येकावर शेकडो चात्या गरागरा फिरतायत. पेळूचा सैल दोर रुळांतून ताणला जातो, बारीक होतो, त्याला पीळ बसतो आणि सूत खाली बॉबिनवर गुंडाळलं जातं. हे चालू असताना कुठे ना कुठे सूत तुटतच असतं. तुटलं की बॉबिनवरचं टोक शोधायचं, वर न्यायचं आणि रुळातून येणाऱ्या कापसाला नुसतं टेकवायचं. पीळ आपोआप वर चढतो आणि दोन्ही एक होतात. गाठ नाही. दिवसभर येरझारा घालत आबा हेच करायचे, हजार वेळा, दोन हजार वेळा. कोरड्या हवेत सूत जास्त तुटतं, म्हणून खात्यात सतत पाण्याचे फवारे. बाहेर मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि आत ही दमट वाफ. घरी आले की आबा मोठ्याने बोलायचे. लहानपणी मला वाटायचं ते रागावलेत. पुष्कळ उशिरा कळलं की आठ तास त्या आवाजात राहिलेल्या माणसाला हळू बोलणं ऐकूच येत नसे.

आता बैल.

माझे आजोबा, म्हणजे आबांचे वडील, वर्धा जिल्ह्यात आर्वीजवळच्या एका खेड्यातून नागपूरला आले. दोन वर्षं लागोपाठ कपाशी बुडाली, तेव्हा त्यांनी बैलजोडी विकली. वावर भावाकडे ठेवलं आणि गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून उभे राहिले. एका बैलाचं नाव ढवळ्या होतं, दुसऱ्याचं मोऱ्या. आजी सांगायची, जोडी घेणारा माणूस कासरा ओढत होता आणि ढवळ्या मागे वळून वळून गोठ्याकडे पाहात होता. ती हे दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी त्याच जागी थांबायची.

आपल्या देवघरातला बैल हातात घे आणि उलटा करून बघ. पाय एका पाटीवर ठोकलेत आणि पाटीला चार चाकं आहेत. ती चाकं म्हणजे बॉबिनचे काप आहेत. झिजलेल्या लाकडी बॉबिन गिरणीत बाद व्हायच्या. सुतारखात्यातल्या एका मिस्त्रीने त्यातल्या एका जाड बॉबिनचे चार काप करून दिले. मधलं भोक आयतंच होतं, त्यातून लोखंडी सळी घातली. एका चाकावर बारीक गोल रेघा दिसतील, त्या सुताच्या आहेत. बैल सागवानी, आबांनी बुधवार बाजारातून आणला, मी तीन वर्षांचा असताना. डावं शिंग मी तोडलं, ते पितळी खिळ्याने जोडलंय. रंग लाल होता, आता निम्मा उडालाय. तरी आजी त्याला ढवळ्याच म्हणायची.

पोळा श्रावणी अमावास्येला येतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे आज, खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं तो खांदा तूप-हळदीने चोळायचा, कोमट फडक्याने शेकायचा आणि बैलाच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे आमंत्रण. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून कसलंही काम घ्यायचं नाही. अंघोळ, अंगावर झूल, गळ्यात घुंगरं, तोरणाखाली मान, आणि घरी आल्यावर त्याला आधी पुरणपोळी, मग माणसांना.

गणेशपेठेत गोठा कुठला? पण आजी खांदशेकणी चुकवायची नाही. पाटावर हा बैल ठेवायची, वाटीत तूप-हळद कालवायची, बोटाने त्याचा एवढासा खांदा चोळायची आणि कानाशी वाकून आवतन द्यायची. हे सगळे करत असतील. पण वाटीत तूप-हळद उरायची. मग आजी आबांना म्हणायची, "बस इथं." आबा बनियन काढून तिच्यापुढे पाठमोरे बसायचे. पस्तीस-चाळीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. आजी उरलेली वाटी त्यांच्या दोन्ही खांद्यांना लावायची, अंगठ्याने मानेच्या मुळापासून खाली दाबत न्यायची, फडकं तव्यावर गरम करून शेकायची. आणि शेवटी त्यांच्या कानाशी जाऊन, अगदी बैलाला म्हटलं तसंच: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आबा डोळे मिटून म्हणायचे, "येतो."

मी एकदा विचारलं होतं, अगदी तुझ्यासारखंच. "आजी, त्याईले कायले माखतेस? ते काय बैल हायेत?" ती फडकं झटकत म्हणाली, "बैलाच्या खांद्यावर काय असते? घर असते. मंग?"

चिऊ, तुझ्या प्रश्नाचं माझ्याजवळ यापेक्षा खरं उत्तर नाही. आजोबांचे बैल गेले तरी जू कुठे गेलं होतं? ते आजोबांच्या आणि मग आबांच्या खांद्यावर आलं. आजीला हे ठाऊक होतं, म्हणून तिने शहरात येताना पोळा मागे सोडला नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस मात्र आम्हा पोरांचा. तान्हा पोळा नागपुरात जसा होतो तसा कुठे होत नाही. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो मुलांसाठी सुरू केला असं नागपुरात सांगतात. त्या दिवशी सकाळी आधी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा भलामोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, म्हणजे दोघी गिरणीच्याच वयाच्या. इतवारीतून त्या प्रचंड बाया खांद्यांवरून निघाल्या की छपरं, गच्च्या, झाडं माणसांनी भरून जातात. सोबत बडगे असतात, त्या वर्षी ज्यांनी छळलं त्यांचे पुतळे: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, रोगराईचा. गर्दी ओरडत असते, "इडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" मी आबांच्या खांद्यावर बसून हे बघायचो. त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरला आत पिवळी कड लागलेली असायची, परवाच्या हळदीची. माझ्या नाकाला तो वास अजून आहे, तुपाचा, हळदीचा आणि खाली थोडा मशीनच्या तेलाचा.

दुपारनंतर आपापले बैल घेऊन बाहेर पडायचं. कुणाचा वीतभर, कुणाचा घोड्याएवढा, कुणाचा मातीचा. माझ्या बैलाची झूल आजीने लाल चिंधीची शिवली होती, कडेला सोनेरी जर. बैल दोरीने ओढत घरोघरी जायचं, दारातली बाई बैलाला ओवाळायची आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवायची. दहा पैसे, चार आणे, कुठे गोळ्या, कुठे मूठभर फुटाणे. आमच्या गल्लीतलं एकही दार बोजाऱ्याशिवाय बंद झालं नाही. गिरणीत महिनोन्‌महिने ओढाताण असायची त्या वर्षांतही नाही. मागच्या बोळात एक म्हातारे विणकर एकटे राहायचे. ओवाळायला घरात बाई नव्हती. ते स्वतःच मातीच्या पणतीने आमच्या बैलाला ओवाळायचे आणि हातावर रंगीत सुताची एक गुंडी ठेवायचे. सगळ्यांत मोलाचा बोजारा तो, कारण त्या सुताचा गोफ बैलाच्या गळ्यात पडायचा.

एका वर्षी ऐन रस्त्यात माझी दोरी तुटली. मी गाठ मारायला लागलो. आबा खाली बसले, दोन्ही टोकं उसवली, तंतू एकमेकांत घातले आणि तळव्यांत धरून पीळ दिला. मला म्हणाले, ओढ आता. मी जोरात ओढली. ती जागा मला नंतर शोधूनही सापडली नाही.

१९८६ मध्ये गिरणी सरकारकडे आली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. भोंगा थांबल्यावर आजी पहिले काही दिवस पहाटे उठून नुसतीच बसून राहायची. आता तिथे एम्प्रेस मॉल आहे. मागच्या खेपेला तुला मी तिथे आईस्क्रीम खायला नेलं होतं. आबा आत आले नाहीत, बाहेर कठड्यावर बसून राहिले, आठवतं? तू त्यांना कोन नेऊन दिलास आणि त्यांनी तो सगळा खाल्ला. मी इथे यायला निघालो तेव्हा त्यांनी माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध हा बैल ठेवला, झुलीसकट. काही बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही. आता ते नाहीत, आणि दरवर्षी आजच्या रात्री मला त्यांचं ते "येतो" ऐकू येतं.

आत्ता मी वाटीत तूप-हळद कालवली आणि बैलाचा खांदा चोळला. झोपण्याआधी तुला हाक मारली होती, पण तुझा डोळा लागला होता. वाटीत अजून आहे. ती मी ओट्यावर झाकून ठेवली आहे. आई सकाळी आठला हॉस्पिटलातून येईल. आठवडाभर तिची मान दुखते आहे, पेशंट उचलून उचलून. तव्यावर फडकं मी गरम करून देईन. काय म्हणायचं ते वर दोनदा लिहिलंय, तिच्या कानाशी जाऊन तू म्हण.

तुझा,
बाबा