वाचक विचारतात : पानफिलोव्हचे ते २८ जण

प्रश्न : भाची अल्माटीला एमबीबीएसला आहे, तिने तिथल्या पानफिलोव्हच्या २८ गार्ड्सच्या नावाच्या पार्कातले फोटो पाठवले. म्हणून वाचायला घेतलं तर कुठे ह्या लोकांची डिव्हिजन (हजारो सैनिकांची मोठी तुकडी) ३१६ वी लिहिलीये, कुठे ८ वी गार्ड्स. दोन वेगळ्या आहेत का? आणि २८ जणांनी रणगाडे अडवले हे खरं का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : डिव्हिजन एकच हो, नंबर बदलला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर, १९४१ च्या जुलैत अल्मा-अताला, म्हणजे आजच्या अल्माटीला, सोव्हिएत फौजेची ३१६ वी रायफल डिव्हिजन उभी राहिली, त्यात कझाक, किरगिझ, रशियन, युक्रेनियन सगळे, कमांडर इवान पानफिलोव्ह. ऑक्टोबरात त्यांना मॉस्कोच्या पश्चिमेला व्होलोकोलाम्स्कपाशी आणलं आणि सांभाळायला दिली जवळजवळ ४० किलोमीटरची आघाडी! एका डिव्हिजनला ८ ते १२ किलोमीटर असा तेव्हाचा नियम होता, आणि ४० म्हणजे आपलं पुणे स्टेशन ते वडगाव मावळ धरा. एवढ्या लांब सलग रांग लावायला माणसं कुठून आणणार, म्हणून पानफिलोव्हने रस्त्यांवर जोर दिला, रणगाडे येणार त्या वाटांवर तोफा लावल्या. व्होलोकोलाम्स्क गेलंच, २७ ऑक्टोबरला, पण डिव्हिजन फुटली नाही, लढत लढत मागे सरकत राहिली. १८ नोव्हेंबरला तिला गार्ड्सचा मान (चांगलं लढलेल्या तुकड्यांना द्यायचे तो) मिळून ती ८ वी गार्ड्स झाली आणि त्याच दिवशी गुसेन्योवो गावाजवळ तोफगोळ्याचा तुकडा लागून पानफिलोव्ह गेला. गार्ड्स म्हणजे नुसता बिल्ला नव्हे बरं का, शिपायाला पगार दुप्पट.

आता २८ जण. १६ नोव्हेंबरला व्होलोकोलाम्स्कजवळच्या दुबोसेकोवोला फक्त २८ जणांनी जर्मन रणगाड्यांची फौज अडवली आणि सगळे मेले, ही गोष्ट लष्कराच्या 'क्रास्नाया झ्वेझ्दा' पेपरने रंगवली, आणि १९४२ मध्ये सगळ्यांना 'सोव्हिएत संघाचा हीरो' हा किताबपण दिला. पुढे त्यातलेच काही जिवंत निघाले की! दोब्रोबाबिन नावाचा एक तर जर्मनांच्या पोलिसात नोकरी केलेला सापडला आणि मग १९४८ मध्ये लष्करी वकिलांनी चौकशी केली. ह्या २८ जणांच्या रेजिमेंटचा कमांडर काप्रोव्हने सरळ सांगितलं की अशी २८ जणांची लढाई झालीच नाही, पूर्ण चौथी कंपनी लढली आणि तिचे शंभरावर लोक मेले. तो रिपोर्ट दाबून ठेवला, सरकारी अर्काइव्हने तो जाहीर केला थेट २०१५ मध्ये. मला तर पेपरवाल्यांचाच राग येतो, शंभराची खरी गोष्ट हातात असताना २८ ची बनवली आणि बाकीच्यांची नावं कोणाला माहीत नाहीत.

एक लक्षात ठेवा, आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्री म्हटलं की १७६८ पासूनची परंपरा, तसं रेड आर्मीत, म्हणजे सोव्हिएत फौजेत, नंबराचं नव्हतं. मोकळा झालेला नंबर दुसऱ्याला देऊन टाकायचे. ३१६ सुद्धा नंतर नव्या डिव्हिजनला दिला, तिचा अल्माटीशी संबंध नाही, त्यामुळे सर्च करताना १९४१ टाका, नाहीतर भलतीच डिव्हिजन वाचत बसाल.