खारघरला घर घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही चेंबूरला भाड्याने राहतो. खारघरमध्ये वन-बीएचके पाहतो आहोत. प्रत्येक एजंट 'स्टेशनपासून दहा मिनिटे' सांगतो. अंदाज कसा घ्यावा?

उत्तर : दहा मिनिटे कशाने, हे आधी विचारा. चालत, रिक्षाने की पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर मोटारीने? खारघरचे रेल्वे स्टेशन वसाहतीच्या मध्यावर नाही, शीव-पनवेल महामार्गालगत दक्षिण टोकाला आहे. तिथून वसाहत उत्तरेला तळोज्यापर्यंत पसरली आहे. सेक्टर ३४, ३५, ३६ मधून रोज चालत स्टेशन गाठणे जमणार नाही. सेक्टरचे आकडेही ओळीने लागत नाहीत, त्यामुळे निव्वळ आकड्यावरून अंतर ठरवू नका.

मेट्रोबाबत अनेकांची गल्लत होते. १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली बेलापूर-पेंधर मेट्रो (११ स्थानके) खारघरच्या लोकल स्टेशनला जात नाही. ती बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, खारघर गाव, सेंट्रल पार्क, पेठपाडा अशी वसाहतीतून जाते आणि लोकलला बेलापूरला भेटते. आतल्या सेक्टरमध्ये राहणाऱ्याला मेट्रोने बेलापूर आणि तिथून लोकल हाच मार्ग बरा पडतो, कारण काही लोकल बेलापूरहूनच सुटतात आणि बसायला जागा मिळण्याची शक्यता वाढते. रोज चेंबूरलाच यायचे असेल, तर ते हार्बर मार्गावरच असल्याने तुम्हाला बेलापूरहून पुढे गाडी बदलावी लागणार नाही. घर पसंत करण्यापूर्वी कामाच्या दिवशी, तुमच्या नेहमीच्या वेळेला, त्या इमारतीच्या दारापासून एकदा प्रवास करून पाहा.

प्रश्न : दोन फ्लॅट आवडले आहेत. एक 'साडेबारा टक्के'च्या प्लॉटवर आहे, दुसरा गावठाणाला लागून आणि बराच स्वस्त. कागद कोणते तपासावेत?

उत्तर : खारघरमध्ये इमारतीच्या आधी जमिनीचा उगम पाहावा, असे आमचे ठाम मत आहे. इथली बहुतेक जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची आहे. ती विकली जात नाही, भाडेपट्ट्याने दिली जाते आणि नेहमीचा करार ६० वर्षांचा असतो.

नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या प्रकल्पग्रस्तांना गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मिळाले, तीच साडेबारा टक्के योजना. शेतकरी तो भूखंड बिल्डरला देतो तेव्हा सिडको, शेतकरी आणि बिल्डर असा त्रिपक्षीय करार होतो. तो नसेल तर पुढे जाऊ नका. असेल तर त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, ते वकिलाकडून तपासून घ्या. एका बहिणीचे नाव सुटले आणि तिने दावा लावला, की सगळ्या इमारतीचे काम अडकते. करारानंतर बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहा. मंजूर नकाशातले मजले आणि प्रत्यक्षातले मजले स्वतः मोजा. हे भूखंड बऱ्याचदा लहान असतात, त्यामुळे पार्किंग अपुरे पडते. तुमची जागा नकाशात कुठे आहे ते लेखी घ्या.

गावठाणाजवळची स्वस्त घरे बहुधा गावकऱ्यांनी गरजेपोटी बांधलेली, परवानगी नसलेली असतात. त्यांच्यावर राष्ट्रीयीकृत बँका सहसा कर्ज देत नाहीत. फरक हजार रुपये चौरस फुटाचा असो वा दोन हजारांचा, कायम राहण्यासाठी हे घर घेऊ नये.

जुना फ्लॅट असेल तर क्रम असा : सोसायटीचा ना-हरकत दाखला, सिडकोकडे अर्ज आणि हस्तांतरण शुल्क, सिडकोची परवानगी, मग नोंदणी, आणि शेवटी शेअर सर्टिफिकेटवर तुमचे नाव. हे शुल्क कोण भरणार ते टोकन देण्याआधी लिहून घ्या. सोसायटीच्या नावे लीज डीड (जमिनीच्या भाडेपट्ट्याचा दस्त) झाले आहे का, हेही विचारा. झाले नसेल तर जमिनीचा भाडेपट्टा अजून बिल्डरच्याच नावावर असतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावे भरायचा आयकर) कापून भरण्याची जबाबदारी तुमची.

आणखी एक : खारघर नवी मुंबई महापालिकेत नाही. १ ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महापालिकेत आहे. मालमत्ता कराची आकारणी त्या तारखेपासून झाली आणि सिडकोचे सेवाशुल्क आधीच भरलेल्या अनेकांनी तो कर भरायचे थांबवले. विकणाऱ्याची थकबाकी तुमच्या गळ्यात पडू नये म्हणून ताजी पावती मागा.

प्रश्न : पाण्याची स्थिती कशी आहे?

उत्तर : पाणी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणातून येते आणि उन्हाळ्यात कमी पडते. सोसायटीकडे गेल्या बारा महिन्यांची टँकरची बिले मागा, फक्त मे महिन्याची नको. हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला ५४० आणि ४० घरांना २१,६०० लिटर लागतात. जमिनीखालची टाकी याच्या दीडपट तरी हवी. ती लहान असेल तर पाणी येऊनही साठत नाही, आणि रहिवासी मात्र दाब कमी असल्याची तक्रार करत राहतात.

प्रश्न : पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर मुलांना नेता येईल का?

उत्तर : नाही. तिथे बुडून मृत्यू झाले आहेत आणि पावसाळ्यात प्रवेशबंदी असते. मुलांना सेंट्रल पार्कमध्ये न्या. धबधबा लांबूनही चांगला दिसतो.