वाचकांचे प्रश्न : पत्ता बदलतो, नाव चुकते

प्रश्न : इतवारीत आमचे धान्याच्या ठोक व्यापाराचे दुकान आहे. खाली गादीवर तीन आणि वरच्या माळ्यावर दोन संगणक असून हिशेबाचा सगळा डेटा ‘हिशेब’ नावाच्या मुख्य संगणकावर असतो. वादळात वीज जाऊन आली की बाकीचे संगणक ‘सर्व्हर सापडत नाही’ असे सांगतात. तंत्रज्ञाने प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (कोणत्या नावाचा कोणता पत्ता, याची संगणकातली यादी) मुख्य संगणकाचे नाव व जाळ्यातला पत्ता लिहून दिला, तरी महिन्याभरात तोच त्रास पुन्हा सुरू झाला. नवल असे की, नावाने पिंग केल्यास, म्हणजे ‘आहेस का?’ अशी चाचणीची हाक पाठवल्यास, उत्तर येते. मग बिघाड कुठे आहे? — एक व्यापारी, इतवारी, नागपूर

उत्तर : पिंगला उत्तर येते ही आपली सर्वांत महत्त्वाची खूण आहे, परंतु ते उत्तर नेमके कोण देत आहे हे आधी पाहावे लागेल. मुख्य संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा द्यावी आणि आयपीव्ही४ पत्ता (जाळ्यातला आकडी पत्ता) व जाळ्याच्या जोडणीचा स्वतःचा ओळखक्रमांक म्हणजेच फिजिकल अ‍ॅड्रेस कागदावर उतरवून घ्यावा. त्यानंतर दुसऱ्या संगणकावरून नावाने पिंग करून पहिल्या ओळीत कोणता पत्ता दिसतो ते पाहावे. मुख्य संगणक १९२.१६८.१.१७ वर असताना पिंग १९२.१६८.१.१२ ला जात असेल, तर उत्तर देणारा दुसराच कोणीतरी आहे, कदाचित प्रिंटर किंवा एखाद्याचा मोबाइल. लगेच ‘एआरपी -ए’ ही आज्ञा दिल्यास त्या पत्त्यामागचा फिजिकल अ‍ॅड्रेस दिसतो. तो कागदावरच्या नोंदीशी जुळला नाही की शंका उरत नाही.

असे होण्याचे कारण पत्ते वाटण्याच्या पद्धतीत आहे. राउटर डीएचसीपी या पद्धतीने प्रत्येक यंत्राला ठरावीक मुदतीपुरता पत्ता देतो. १९९७ च्या प्रमाणकानुसार निम्मी मुदत सरली की यंत्र त्याच पत्त्याचे नूतनीकरण मागते, त्यामुळे एरवी पत्ता महिनोन्महिने बदलत नाही आणि तो कायमचा आहे असा आपला समज होतो. मात्र अनेक लहान राउटर ही वाटपाची नोंद तात्पुरत्या स्मृतीतच ठेवतात. वीज गेली की ती पुसली जाते आणि कालपर्यंत मुख्य संगणकाकडे असलेला पत्ता आज आधी सुरू झालेल्या यंत्राच्या वाट्याला जाऊ शकतो. होस्ट्स फाइलला यातले काहीच कळत नाही, आणि विंडोज डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारण्याआधी तिच्यावरच विश्वास ठेवते. बदलत्या पत्त्यासाठी होस्ट्स फाइल वापरणे हा माझ्या मते उपाय नसून पुढच्या वादळाची तरतूद आहे. त्या ओळी सर्व संगणकांवरून काढून टाकाव्यात.

त्याऐवजी राउटरच्या डीएचसीपी विभागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून मुख्य संगणकाच्या फिजिकल अ‍ॅड्रेसशी एक पत्ता बांधून टाकावा. केबल आणि वायफाय यांचे फिजिकल अ‍ॅड्रेस वेगवेगळे असतात, तेव्हा प्रत्यक्षात जी जोडणी वापरात आहे तिचीच नोंद करावी.

दुसरी तपासणी डीएनएसची. इंटरनेट वेगवान व्हावे म्हणून पुष्कळ ठिकाणी संगणकांवर ८.८.८.८ हा सार्वजनिक डीएनएस हाताने भरलेला असतो. आपल्या दुकानातल्या ‘हिशेब’ची त्या सर्व्हरला माहिती असण्याचे कारणच नाही. संगणकांवर डीएनएस ‘आपोआप’ ठेवावा, म्हणजे प्रश्न राउटरकडे जाईल. सार्वजनिक डीएनएस हवाच असेल तर तो राउटरमध्ये भरावा. काही राउटर स्थानिक नावे सांभाळतच नाहीत. अशा वेळी विंडोज जाळ्यावर हाक मारून नाव शोधते, पण ती हाक एका जाळ्याबाहेर जात नाही. वरच्या माळ्यावर वेगळा राउटर असून तो स्वतःच पत्ते वाटत असेल, तर तिथल्या संगणकांना खालचे नाव कधीच सापडणार नाही. त्या राउटरचे डीएचसीपी बंद करून खालून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात विंडोज सर्व्हर आहे. एका लॅपटॉपच्या नावाने जोडणी केली की कधी कधी भलताच लॅपटॉप उघडतो. असे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : लॅपटॉप जाळ्यातून निघून गेला तरी त्याची डीएनएस नोंद मागे राहते आणि तोच पत्ता पुढे दुसऱ्याला मिळतो. जुन्या नोंदी झाडून काढणारी ‘स्कॅव्हेंजिंग’ सोय विंडोज सर्व्हरमध्ये मुळात बंद असते. ती सर्व्हर आणि झोन (नावांच्या नोंदींचा विभाग) या दोन्ही ठिकाणी सुरू करावी लागते. तिच्या मूळ मुदती ७ अधिक ७ दिवसांच्या आहेत, म्हणजे नोंद किमान १४ दिवस राहते, तर डीएचसीपीने दिलेल्या पत्त्याची मूळ मुदत ८ दिवसांची. वायफायसाठी पत्त्याची मुदत कोणी एका दिवसावर आणली असेल, तर शिळ्या नोंदींचा ढीग साचणारच. तेव्हा दोन्ही मुदती एकमेकींकडे पाहून ठरवाव्यात. सोय सुरू करण्यापूर्वी सर्व्हर आणि प्रिंटर यांच्या नोंदी स्थिर (हाताने भरलेल्या, मुदत नसलेल्या) आहेत ना, हे एकेक करून तपासावे, अन्यथा गरजेची नोंदही पुसली जाईल. बदल झाल्यावर संबंधित संगणकांवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ ही आज्ञा द्यावी, कारण जुने उत्तर काही काळ त्यांच्या स्वतःच्या स्मृतीतही राहते.