दृढीकरण नको म्हणणाऱ्यास

प्रिय बाळ,

ख्रिस्तात सलाम.

पत्र मिळालं. मणिपूर, गाझा आणि मग तुझ्या बर्न्स वॉर्डातली ती दीड वर्षाची पोर. हे सगळं बघून ‘सर्वसमर्थ देव पित्यावर मी विश्वास ठेवतो’ असं मंडळीसमोर उभं राहून म्हणवत नाही, म्हणून दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा विधी, नको, असं लिहिलंयस. आई रडते म्हणतोस. रडू दे थोडी. न पटलेलं तोंडदेखलं म्हणण्यापेक्षा हे बरं.

देवाने माणसाला निवडीचं स्वातंत्र्य दिलंय, हे उत्तर तुला संडे स्कूलपासून पाठ आहे. ते खोटं नाही. पण स्टोव्हच्या भडक्यात सापडलेल्या पोरीने काय निवडलं होतं? तिथे ते उत्तर पुरत नाही, आणि पुरतं असं मी भासवणार नाही. प्रार्थना-सभेत कुणी ‘आईबापाच्या पापाचं फळ’ म्हणालं, तर मात्र ऐकून घेऊ नकोस. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याची गोष्ट आहे. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशूच विचारतो आणि ‘नाही’ म्हणतो. बुरूज का पडला, हे तो सांगत नाही. ‘पश्चात्ताप करा,’ असं मात्र ऐकणाऱ्यांना बजावतो.

आता पंडिता रमाबाईंकडे येतो. त्यांनी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनची सहल तू केली असशील, पण सहलीत त्यांचं निम्मं आयुष्य सांगत नाहीत. दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांत गेली, तीही उपासमारीने. घर देवधर्म करणारं, व्रतं आणि यात्रा करणारं. रानातला पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. मग १८८० साली ढाक्यात भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा पटकीने गेला आणि पदरी तान्ही मनोरमा उरली. देव कुठे होता, हे विचारायचा हक्क या बाईइतका कुणाला असेल?

विलायतेत वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. रमाबाईंना हे नवीन होतं. अशा बायकांची ही माणसं एवढी काळजी का करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल सिस्टरने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई त्यांच्यापुढे ठेवली, लोकांनी दूर ठेवलेली आणि तरी येशू जिच्याशी आपणहून बोलला ती. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि तरी पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे! तुझ्यासारख्यांनी हे वाक्य जपून ठेवावं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने सांगाडा झालेल्या मुली घेऊन आल्या. दुष्काळ का पडतो, याचं कोडं त्यांना तेव्हा सुटलं होतं असं मला वाटत नाही.

वाईट कुठून येतं, हा तुझा प्रश्न रास्तच आहे. त्याच्या जोडीला रमाबाईंचा प्रश्नही ठेव: ही दया कुठून येते? जग नुसतं बलवानांचंच असतं, तर त्या पोरीचं ड्रेसिंग बदलताना तुझे हात थरथरले नसते. तुझा राग येतो कुठून, तेही बघ. मला त्या रागात देवाची चाहूल वाटते. तुला वाटेलच असं नाही.

आपल्या मंडळीचं म्हणशील, तर मिशनच्या जागांवरून चाललेले खटले आणि लग्न ठरवताना निघणारी जात मीही बघतोय. त्याची सफाई द्यायला जाऊ नकोस. ख्रिस्ताला क्रुसावर द्यायला धर्माचे पुढारीच पुढे होते. आणि त्या क्रुसावर त्याने काय म्हटलं? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ बाविसाव्या स्तोत्राची ही पहिली ओळ. तुझ्या पत्रात तू याहून वेगळं काही लिहिलेलं नाहीस. मी ज्या देवावर भरवसा ठेवतो तो हा, तुझा प्रश्न स्वतःच्या तोंडाने ओरडलेला. लांब बसून हिशेब मांडणाऱ्या देवावर माझाही विश्वास बसला नसता.

तेव्हा असं कर. यंदाचं दृढीकरण राहू दे, पाळकसाहेबांशी मी बोलतो. मार्कचं शुभवर्तमान वाच. सोळाच अध्याय आहेत, नाइट ड्यूटीच्या एका रात्रीत होतील. जिथे राग येईल तिथे पेन्सिलने खूण कर. नवव्या अध्यायात एक बाप भेटेल, लेकराच्या दुखण्याने पिचलेला. विश्वास आहे आणि नाहीही, असं तो येशूला तोंडावर सांगतो. तिथे थांबून पुढे काय होतं ते नीट बघ. आठवा आणि पंधरावा अध्याय मला तुझ्यासोबत वाचायचे आहेत, ते ठेव. सुट्टीच्या दिवशी पुस्तक घेऊन ये. आणि त्या पोरीचं नाव कळव, बुधवारच्या प्रार्थनेत घ्यायचंय.

प्रभूमध्ये तुझा,
काका