केबिनच्या झरोक्यातून

(दिवाळीआधी आलेल्या पत्रांपैकी काही. उत्तरं देणारे पुण्यातल्या एका एकपडदा चित्रपटगृहात ऑपरेटर, म्हणजे केबिनमध्ये बसून प्रोजेक्टर चालवणारे, होते. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.)

प्रश्न : ‘स्थळ’ आम्ही दोघांनी मार्चमध्ये थिएटरला जाऊन पाहिला. बाहेर पडता पडता हे म्हणाले, “एकच सीन पुन्हा पुन्हा दाखवलाय. कात्री लावायला कोणी नव्हतं का?” मला पिक्चर मनापासून आवडला होता, पण त्यांना उत्तर काही देता आलं नाही. अजूनही पाहुण्यांसमोर हा विषय निघतो आणि मी गप्प बसते. आमच्यात बरोबर कोण? – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ताई, यजमानांनी पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं. त्यावरून काढलेला निकाल मात्र मला मान्य नाही.

सीन पुन्हा पुन्हा येतो, हे खरंच आहे. पुरुषमंडळी ओळीनं बसलेली, समोर मुलगी, आणि नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पण दिग्दर्शक जयंत सोमलकरांनी सुरुवात कुठून केलीय ते आठवा. नायिका सविताच्या स्वप्नातून. तिथं मुलगा समोर बसलाय आणि बायका त्याला तेच प्रश्न विचारताहेत. थिएटरात त्या वेळी हशा पिकतो. तुम्हीही हसला असाल, यजमानही हसले असतील. मग तेच प्रश्न सविताला येतात आणि हशा थोडा कमी होतो. पुढच्या वेळी प्रश्न कानावर पडण्याआधीच आपल्याला पाठ झालेले असतात. म्हणजे आता आपण प्रश्न ऐकत नाही, तिच्याकडे बघतो. ती बसते कशी, नजर कुठं ठेवते, आत जाताना पावलं किती भराभर उचलते. कात्री लावली असती तर हे बघायला सवड मिळाली नसती. शिवाय प्रत्येक खेपेला तिच्या बापाचा चेहरा बघा. कापसाला भाव नाही आणि पोरीचं जमत नाही, या दोन काळज्यांचा हिशेब तो माणूस एकाच वहीत मांडत असतो.

आणि हे सगळं चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, बरेचसे गावातलेच लोक घेऊन केलेलं आहे. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं, पण यजमानांशी वाद घालताना ते पुढं करू नका. बक्षिसानं कोणाचा कंटाळा जात नाही. त्यांना एवढंच विचारा, “कुठल्या खेपेला तुम्हाला कंटाळा आला?” त्यांनी नेमकी खेप सांगितली, तर चर्चा होईल. “सगळ्याच” म्हणाले, तर ते मोबाइल बघत होते असं समजा.

प्रश्न : मी पुण्यात शिकायला आहे. आमच्या रूमवर पाच जण. दर शनिवारी-रविवारी एखादा सिनेमा होतो आणि रात्री मेसमध्ये पाचपैकी किती स्टार यावर कीस काढला जातो. मला विचारलं की माझ्या तोंडून “छान होता” याच्यापलीकडे काही निघत नाही. समीक्षेची पुस्तकं वाचू का? – सदाशिव पेठ

उत्तर : वाच जरूर, पण मेसमधल्या वादासाठी नको. तिथं पुस्तकातलं वाक्य टाकलंस तर आमटीचं भांडं अंगावर यायचं.

मी सिनेमे पाहिले ते तुकड्या-तुकड्यांनी. केबिनमध्ये प्रोजेक्टरची दोन मशीन शेजारी-शेजारी असायची. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालायचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, आणि काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चित्र त्याच्यावर घ्यायचं. ठिपका चुकला तर पांढरा पडदा आणि खालून शिव्या. त्यामुळं गोष्टीकडे लक्ष कमी, कोपऱ्याकडे जास्त. पुढचं रीळ भरायचं, मशीनच्या दिव्यातला कार्बन सरकवायचा, मध्येच झरोक्यातून डोकवायचं. पुष्कळ सिनेमांची कथा मला आजही सलग सांगता येणार नाही. पण एखादा सीन विचार: कोण कुठं उभं होतं, खिडकी कुठल्या बाजूला होती, संवाद संपल्यावर पात्र किती वेळ थांबलं, सगळं सांगेन.

तूही तेच कर. सिनेमा सुटल्यावर स्टार मोजू नकोस. एकच सीन उचल, आवडलेला किंवा खटकलेला, आणि जसा दिसला तसा सांग. काय दिसलं, काय ऐकू आलं, त्याच्या आधी काय होतं. “छान” आपोआप मागं पडतं. समोरचा म्हणेल, “नाही रे, तो आधी हसला आणि मग दार लावलं.” झालं, वाद सुरू! आणि तो स्टारांच्या वादापेक्षा बरा, कारण यात कोणीतरी चूक ठरू शकतं.

प्रश्न : ‘साबर बोंडं’ पाहायला आईला घेऊन गेले. विषय काय आहे ते आधी सांगितलं नव्हतं, धास्ती होती. दोन पुरुषांची गोष्ट आहे हे कळल्यावर ती उठून जाईल असं वाटलं. गेली नाही. घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द नाही. रात्री भांडी लावताना म्हणाली, “त्या पोराची आई चांगली होती.” एवढंच. यावरून तिला सिनेमा आवडला की नाही, काय समजायचं? – सहकारनगर

उत्तर : या महिन्यात माझ्याकडे आलेल्या मतांमध्ये मला सर्वांत आवडलेलं हे आहे.

रोहन कानवडे यांच्या या सिनेमाला २०२५च्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, आनंद आणि बाळ्या या दोन पुरुषांबद्दल जास्त. पण वडील गेल्यावर मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद, “आता लग्नाचं बघ” म्हणून मागं लागलेले नातेवाईक, आणि मुलगा व नातेवाईक यांच्या मध्ये उभी असलेली आई, असं मांडून बघा. जे माहीत आहे ते ती चारचौघांत बोलत नाही, पण मुलाला एकटंही पाडत नाही. जयश्री जगताप यांनी ती आई फार कमी हातवारे करून उभी केलीय. तुमच्या मातोश्रींनी सिनेमा बरोबर त्या जागेवरून पाहिला जिथून तो त्यांना दिसत होता. आवडला की नाही हे विचारायला जाऊ नका. “चांगली म्हणजे काय केलं तिनं?” असं विचारा, तेही पुन्हा भांडी लावतानाच. समोरासमोर बसवून विचारलंत तर उत्तर मिळणार नाही.

प्रश्न : मल्टिप्लेक्समध्ये मारामारीला कान फाटतात आणि संवाद ऐकू येत नाहीत. सासूबाई म्हणतात, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. खरंच का? – चिंचवड

उत्तर : नटांचा थोडा दोष आहे, पण आधी तुमच्या खुर्च्या कुठं होत्या ते सांगा. पडद्याला बारीक बारीक छिद्रं असतात आणि संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. भिंतींवरच्या स्पीकरांतून पाऊस, गर्दी, पार्श्वसंगीत असलं सगळं येतं. तुम्ही भिंतीला चिकटून बसलात तर डोक्यावरचा पाऊस जवळ आणि नट लांब. पडद्यापासून मागं दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध, ही जागा धरा. ऐकून आवाज जुळवणारे लोकही साधारण तिथंच बसतात.

दुसरं. पाच मिनिटांत आवाज नीट वाटला नाही तर उठून बाहेरच्या माणसाला सांगा. इंटरव्हलपर्यंत थांबू नका. सिनेमा डिजिटल झाला म्हणून आवाजाचं बटण नाहीसं झालेलं नाही, ते आहे आणि फिरवता येतं. आमच्या वेळी लोक मागं वळून झरोक्याकडे बघत “ए, आवाऽऽज!” असं ओरडायचे. हल्ली मागं कोणी नसतं, म्हणून बाहेर जावं लागतं. पुणेकर दुकानदाराशी दोन रुपयांसाठी भांडतो आणि अडीच-तीनशे रुपयांचं तिकीट काढून मुकाट बसतो, हे मला कोडंच आहे.

प्रश्न : मराठी सिनेमा नेहमी दुपारी बाराला नाहीतर रात्री पावणेअकराला. पाहायचा कधी? सरकारचा नियम आहे ना? – हडपसर

उत्तर : नियम आहे, आणि गंमत अशी की दुपारी बाराचा खेळ त्या नियमात बसतो. एप्रिल २०१५मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी संध्याकाळी सहा ते नऊची वेळ सक्तीची केली. बराच गदारोळ झाला, इंग्रजी-हिंदी वर्तमानपत्रांतून चेष्टाही झाली, आणि मग ती वेळ सैल करून दुपारी बारा ते रात्री नऊ अशी केली गेली. बारा वाजता कामावरचा माणूस कुठून येणार? तो येत नाही, गल्ला दिसत नाही, आणि मग “मराठीला प्रेक्षक नाही” हे सिद्ध होतं.

आपल्या हातात एकच गोष्ट आहे. शुक्रवार ते रविवारच्या गर्दीवर सोमवारपासूनचे खेळ ठरतात. “लोक काय म्हणतात ते बघू, मग जाऊ” असं म्हणणाऱ्यांची पत्रं मला दुसऱ्या आठवड्यात येतात, की सिनेमा उतरला. मित्रांनो, ते लोक म्हणजे तुम्हीच होतात.

प्रश्न : जीएसटी कमी झाला म्हणतात. मग माझं तिकीट स्वस्त का झालं नाही? – औंध

उत्तर : कारण तुमचं तिकीट शंभर रुपयांच्या वरचं आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. शंभरच्या वर १८ होता, तो १८च आहे. औंधातल्या संध्याकाळच्या खेळाला शंभराचं तिकीट मिळालं तर मलाही कळवा.

प्रश्न : नावं सुरू झाली की लोक उठतात, दिवे लागतात, दार उघडतं. शेवटचं गाणंसुद्धा ऐकू देत नाहीत. मी एकटी बसून राहते आणि झाडूवाले वाट बघत उभे असतात. – एरंडवणे

उत्तर : बसून राहा. दोन-तीन मिनिटांनी त्यांचं काही अडत नाही, अर्थात पुढचा खेळ डोक्यावर नसेल तर.

लोक तर शेवट व्हायच्या आधीच उठतात. २०१५मध्ये ‘कोर्ट’ लागला होता. चैतन्य ताम्हाणे यांचा सिनेमा, व्हेनिसला गौरवलेला, पुढं ऑस्करसाठी भारतातर्फे गेलेला. त्यात एका ठिकाणी न्यायालयाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडदा काळा पडतो. मी तेव्हा प्रेक्षक म्हणून बसलो होतो. माझ्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब उठलं, पिशव्या उचलल्या, “काय हो हे” म्हणत जिन्यापाशी पोचलं, आणि पडद्यावर न्यायाधीशसाहेब सहलीला निघालेले! चौघंही तिथंच पायरीवर बसले आणि उरलेला सिनेमा पायरीवरून पाहिला. माझ्या मते तो शेवट ज्यांना समजला असेल त्यांत ते चौघं नक्की असणार. न्याय संपला असं वाटून आपण उठतो आणि न्यायाधीश सुट्टीवर असतो, हे त्यांनी अंगावर अनुभवलं.

प्रश्न : निवृत्त झालो. बरोबरचे मित्र आता सिनेमाला येत नाहीत, गुडघे. सिनेमा पाहून त्यावर बोलायला माणूस हवा. पूर्वी प्रभात टॉकीजचा खेळ सुटला की अप्पा बळवंत चौकात तासभर उभे राहायचो. – शुक्रवार पेठ

उत्तर : प्रभातचं आता किबे लक्ष्मी झालंय, चौक तोच आहे, फक्त तासभर उभं राहायला जागा उरलेली नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात खेळ असतात तिकडं जात जा. १९६४ साली स्थापन झालेली संस्था आहे, आणि तिथला प्रेक्षक भांडखोर आहे, हे मी कौतुकानं म्हणतोय. जानेवारीत पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, येतो. त्यात सिनेमापेक्षा रांगेत जास्त शिकायला मिळतं. रांगेत उभं राहून पुढच्या माणसाला एवढंच विचारायचं, “सकाळचा पाहिलात का?” बाकी काही करावं लागत नाही. गुडघ्यांसाठी घडीचं स्टूल न्या.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा. सिनेमाला यूए १३+ असं प्रमाणपत्र आहे. आत सोडतील का? – वारजे

उत्तर : सोडतील. २०२३च्या कायदादुरुस्तीनं यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले, पण ती पालकांसाठी सूचना आहे, निर्णय तुमचा. ‘ए’ असेल तर मात्र अठराच्या आतल्याला आई-वडिलांबरोबरही प्रवेश नाही, तिथं डोअरकीपरशी हुज्जत घालू नका. आधी तुम्ही दोघांपैकी एकानं पाहून या, किंवा पाहून आलेल्याला “मुलांना चालेल का?” असं मोघम न विचारता “रक्त किती, किंचाळ्या किती?” असं विचारा. आणि रांगेच्या कडेच्या खुर्च्या घ्या. मध्येच उठावं लागलं तर बाकीच्यांचे पाय तुडवावे लागणार नाहीत.