डब्याच्या टेबलावरचं राजकारण

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसात राजकारण निघालं की उठून जावं का, असं विचारलंस. मुळीच जाऊ नकोस. इंदूरमध्ये राहून या विषयावर गप्प बसणं कुणाला जमलंय? आणि नळाच्या पाण्यापासून आजीच्या पेन्शनपर्यंत सगळं जिथे ठरतं, त्याबद्दल शिकल्यासवरल्या माणसांनी बोलायचंच नाही, हे मला पटत नाही.

मतभेदाला घाबरू नकोस. बरोबरीची दोन माणसं दुपारी कडाकडा भांडतात आणि संध्याकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत एकत्र पोहे खातात. बिघडतं कधी, तर एकाची पगारवाढ दुसऱ्याच्या हातात असते तेव्हा. २०२४ च्या लोकसभेला इथे काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली, ते तुला आठवत असेल. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारच्या मुलाच्या ऑफिसात साहेब प्रत्येकाच्या टेबलाशी थांबून, बोटावरची शाई बघत विचारत होते, "क्यों, नोटा दबाया क्या?" हसतच विचारत होते, मनात काही नसेलही. पण पुढे त्या मुलाची बढती अडकली, तेव्हा त्याला पहिल्यांदा आठवला तो हा प्रश्न. कारण दुसरंच असेल, पण संशय बसला तो बसलाच.

म्हणून आधी समोरच्याचं पद बघ, पक्ष नंतर. मी पोस्टात होते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या आचरण नियमांत स्वच्छ लिहिलंय: मत जरूर द्या, पण कुणाला दिलं किंवा देणार, याचा सुगावा लागू देऊ नका. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणंही त्यात बसत नाही. तुझ्या खासगी कंपनीला हा नियम लागू नाही, पण मत गुप्त ठेवायचा हक्क तुलाही आहेच. साहेबांनी विचारलं तर "सर, ते मशीनलाच माहीत" म्हणून हसून पुढे जा. त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं मात्र सांगू नकोस.

आडनावावरून लोक तुझं मत परस्पर ठरवतील, त्याचीही तयारी ठेव. भाजपच्या सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा इथून लोकसभेवर निवडून आल्या, त्यामुळे मराठी म्हटलं की पक्ष ठरलेलाच, असं इथे बरेच जण धरून चालतात. याच इंदूरने १९६२ मध्ये कामगारांचे पुढारी होमी दाजी यांना लोकसभेत पाठवलं होतं, हे कुणाच्या लक्षातही नसतं. तू चिडू नकोस. पण दुसऱ्याच्या आडनावावरून किंवा डब्यातल्या भाजीवरून तूही असा अंदाज बांधू नकोस, हे मी जरा जोर देऊनच सांगते.

बोलायचं तर पक्षापेक्षा कामावर बोल. एबी रोडवरच्या बीआरटीएसचंच, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गाचंच घे. २०१३ मध्ये सुरू झाला, २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो काढायला परवानगी दिली. तुमच्या टेबलावर कारवाल्याला त्याचा आनंद झाला असेल, आणि रोज आय-बसने येणारी एखादी गप्प राहिली असेल. तिला विचार, आता यायला किती वेळ लागतो. पक्षाचं नावही न घेता हे शंभर टक्के राजकारण आहे, आणि त्यातून तुला खरंच काही कळेल.

व्हॉट्सअपवर मात्र यातलं काही नको. ऑफिसच्या ग्रुपवर तर नाहीच. तिथलं वाक्य पुसलं तरी कुणाच्या तरी फोनमध्ये राहतं.

पुढच्या महिन्यात तुझ्या हाताखाली दोन ट्रेनी येणार म्हणालीस. ती मुलं टेबलावर असताना विषय निघाला तर तुझं मत सगळ्यांच्या शेवटी सांग, नाहीतर सांगूच नकोस. तू आधी बोललीस की ती नुसत्या माना डोलावतील, आणि त्यांना मनातून काय वाटतं ते तुला कधी कळायचं नाही.

तुझी,
मावशी